डावीकडून तिसरा कोण?

सहस्रचंद्रदर्शन नेमकं कितव्या वर्षी करतात यावर आमच्या फॅमिली ग्रुपवर तीन दिवस काथ्याकूट चालला होता. कुणी ऐंशी म्हणे, कुणी एक्याऐंशी. शेवटी "तू इंजिनिअर ना, मग तूच काय ते सांग" म्हणून प्रकरण माझ्याकडे आलं. इतकी स्पष्ट रिक्वायरमेंट मला हापिसात कधीच मिळत नाही, त्यामुळे मी लगेच कॅल्क्युलेटर काढला. पौर्णिमा ते पौर्णिमा सरासरी २९.५३ दिवस. गुणिले हजार म्हणजे २९,५३० दिवस. त्याला ३६५.२५ ने भागलं की येतात ८० वर्षं आणि साधारण १० महिने. आजीचा जन्म जानेवारी १९४५ चा. म्हणजे नोव्हेंबर २०२५. डेडलाइन ठरली.

पुढचा प्रश्न, आजीला द्यायचं काय? तिला विचारण्यात अर्थ नव्हता, कारण उत्तर ठरलेलं: "मला आता काय करायचंय?" साड्या कपाटात मावत नाहीत, चांदीची भांडी ती कुणा ना कुणाला देऊन टाकते आणि नवीन फोन दिला की तो आठवड्याभरात बाबांच्या हातात दिसतो. म्हणून मी सुचवलं, फोटोंचं पुस्तक करू. स्टुडिओवाले लग्नाचं देतात तसला जाडजूड करिझ्मा अल्बम नाही, तर मांडीवर घेऊन वाचता येईल असं पुस्तक. प्रत्येक फोटोखाली कोण, कुठे, कधी.

सगळ्यांनी अंगठे दाखवले. (ग्रुपवर अंगठा दाखवणं म्हणजे "छान आहे, तू कर" असं असतं हे तुम्हाला माहीत असेलच.) फक्त सिॲटलहून आमच्या ताईचा मेसेज आला, "पण हे सरप्राइज ठेवायचं हं! आजीला अजिबात कळू द्यायचं नाही."

त्यावर मी दोन दिवस मागितले आणि घरातले फोटो गोळा करायला बसलो.

मिळालेला माल असा: काळ्या कागदाचे, कोपऱ्यांत फोटो अडकवायचे तीन अल्बम. नव्वदच्या दशकातले चिकट पानांचे आणि वर प्लॅस्टिक असलेले दोन. आत्याकडची एक सूटकेस, काकांच्या माळ्यावरचा बुटांचा खोका, एक नातेवाइकांच्या लग्नपत्रिकांनी भरलेली पिशवी, तिच्यात मधेमधे फोटो. शिवाय २००५ नंतरचा डिजिटल ढिगारा वेगळाच. त्यातला डिजिटल ढिगारा बाजूला ठेवला तरी कागदावरचे फोटो भरले १,१४०.

मी अर्थातच एक एक्सेल शीट केली. (हसू नका. माझ्या जागी तुम्हीही तेच केलं असतं.) फोटो क्रमांक, कुठे सापडला, साधारण साल, जागा, आणि शेवटचा कॉलम "कोण". आई, बाबा, काका, आत्या, सगळ्यांना दोन संध्याकाळ बसवून तो कॉलम भरला. तरीही ज्यांत किमान एक माणूस अनोळखी राहिला असे २१२ फोटो उरले. ओसरीवर ओळीनं बसलेली माणसं, त्यात डावीकडून पहिला अमुक, दुसरी तमुक, आणि तिसरा? बाबा म्हणाले, "आईला माहीत असेल." काका म्हणाले, "आईला माहीत असेल." आत्यानं फोन ठेवता ठेवता तेच सांगितलं.

आमच्या धंद्यात याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. सगळी सिस्टिम एका मशिनवर उभी, त्या मशिनचा बॅकअप नाही, आणि ते मशिन ऐंशी वर्षांचं आहे. ही गोष्ट मी हापिसात कुणाच्या डिझाइनमध्ये बघितली असती तर रिव्ह्यूमध्येच अडवली असती. फोटोचं एक बरं असतं, त्याची दुसरी प्रत कुठेतरी सापडू शकते. निगेटिव्ह असते, कुणाला पाठवलेली कॉपी असते. नावाची दुसरी प्रत नसते. ते ज्याच्या डोक्यात आहे त्याच्याबरोबरच जातं आणि मग उरतो फक्त एक चांगल्या शर्टातला माणूस.

ताईला मी शीटचा स्क्रीनशॉट पाठवला आणि लिहिलं, सरप्राइज ठेवलं तर या २१२ फोटोंखाली आपण काय छापायचं? तिचं उत्तर आलं, "ओके. सरप्राइज कॅन्सल." आमच्या घरात इतक्या लवकर एकमत झाल्याची दुसरी नोंद नाही.

थोडं तांत्रिक. (ज्यांना कंटाळा येतो त्यांनी हा भाग सोडला तरी चालेल, पण पुढेमागे उपयोगी पडेल.)

छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. आजोबांकडे सत्तरच्या दशकात ॲग्फाचा क्लिक थ्री होता, रोलमध्ये बारा फोटो, सगळे चौकोनी. त्याच्या कॉन्टॅक्ट प्रिंट जेमतेम सव्वादोन इंचांच्या. ६०० डीपीआयवर स्कॅन केलं तर त्या चांगल्या छापून येतात साडेचार इंचांपर्यंत. १,२०० वर केलं तर नऊ इंचांपर्यंत. म्हणून मोठे प्रिंट ६०० वर आणि छोटे १,२०० वर. फोटोची मागची बाजूही स्कॅन करायची, कारण स्टुडिओचा शिक्का, तारीख, कुणाच्या हातचं "चि. सौ. ताईस" वगैरे सगळं तिथेच असतं. चिकट अल्बममधले फोटो ओढून काढायचे नाहीत. दात साफ करायचा बारीक दोरा मागून हळूहळू सरकवायचा, आणि तरी निघाला नाही तर पानासकट स्कॅन करायचं. आणि इंटरेस्टिंग म्हणजे कृष्णधवल फोटो जुने असूनही ठणठणीत आहेत आणि रंगीत, त्यामानाने तरुण, लालसर पडलेत. त्या काळच्या रंगीत कागदात निळसर-हिरवा रंग आधी उडतो, अल्बममध्ये बंद ठेवला तरी. म्हणून ऐंशी सालच्या आसपासच्या सगळ्या बारशांमध्ये सगळी माणसं कुंकवाच्या कारखान्यातून आल्यासारखी दिसतात.

स्कॅनिंगला पाच वीकेंड गेले. त्यातच एक गोष्ट लक्षात आली, ती म्हणजे आजोबा कुठेच नाहीत. कॅमेरा त्यांचा, फोटो काढणारेही तेच. सूर्य पाठीशी ठेवायचा हा त्या काळचा नियम, त्यामुळे कित्येक फोटोंत खालच्या कडेला एक लांब सावली आहे, दोन कोपर बाहेर काढून उभी. अशा सावल्या मी मोजल्या, सतरा निघाल्या. पुस्तकात दोन पानं फक्त त्यांना दिली. आजोबांचे सुटातले फोटो आहेत दोन-तीन, पण बाबा म्हणतात की या सावल्यांमध्येच ते जास्त ओळखू येतात.

आजीबरोबरचं काम दर शनिवारी. तिची दुपारची झोप झाली, चहा झाला की फार तर चाळीस मिनिटं. मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीयत, तरी एवढ्याशा फोटोत तिला दिसत नाही, म्हणून लॅपटॉप टीव्हीला जोडला. ४३ इंचावर १९७१ सालची मंगळागौर बघितलीय का कधी? साडीवरचे काठसुद्धा मोजता येतात. फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवायचो. तिला ते माहीत होतं आणि पहिल्या दिवशी ती आकाशवाणीवर बोलल्यासारखी बोलली. दुसऱ्या शनिवारपासून विसरली.

एक पटकन समजलं. "हा कोण?" असं थेट विचारलं की आजीला परीक्षेला बसल्यासारखं होतं आणि नाव अडतं. "हे कुठलं घर?" असं विचारलं की ती आधी दार उघडते, मग जिना, मग जिन्याखालचं बंब तापवायचं ठिकाण, आणि मग त्या घरातली माणसं आपोआप बाहेर यायला लागतात. डेटाबेसची भाषा वापरायची तर तिचं इंडेक्सिंग नावावर नाही, जागेवर आहे.

ओसरीवरचा तो डावीकडून तिसरा पाच फोटोंमध्ये होता. आम्ही सगळे त्याला लांबचा कुणी काका समजत होतो. आजी म्हणाली, "अरे, तो मंगळवार."

"मंगळवार म्हणजे?"

"वारावर जेवायला यायचा. आपल्याकडे मंगळवार होता त्याचा. कोकणातून आलेला, शिकायला. नाव होतं काहीतरी, पण आम्ही त्याला मंगळवारच म्हणायचो. पुढे नोकरी लागली तरी मंगळवारी यायचा. येताना काहीतरी घेऊन यायचा."

नाव नाही मिळालं. पण पुस्तकात त्याच्याखाली "मंगळवार" असं छापलंय आणि खाली दोन ओळी. आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवून शिकलेली मुलं हे मी पुस्तकात वाचलं होतं. आमच्या ओसरीवर त्यातला एक बसलेला आहे हे मला माहीत नव्हतं.

सगळ्यात मोठा वाद झाला तो एका उष्टावणीच्या फोटोवरून. गॅलरीच्या दाराशी आजी बसलीय, मांडीवर गुटगुटीत बाळ, समोर चांदीची वाटी. हा फोटो बाबा लहानपणापासून स्वतःचा म्हणून दाखवत आलेत. त्यांचा जन्म १९६८ चा. आजीचं म्हणणं, "ही आपली ठकी," म्हणजे आत्या, जन्म सप्टेंबर १९७५. बाबा म्हणाले, आईचं आता वय झालं.

मी तो १,२०० वर स्कॅन केला आणि मागची भिंत मोठी केली. भिंतीवर कॅलेंडर, आणि वरचं नाव स्पष्ट: कालनिर्णय. कालनिर्णय सुरू झालं १९७३ पासून. म्हणजे १९६८ बाद! बाबा म्हणाले, मग त्र्याहत्तरमध्ये मी पाच वर्षांचा असेन. मी म्हटलं, पाच वर्षांच्या मुलाची उष्टावण? तारखा वाचता येत नव्हत्या, पण चौकोन मोजता येत होते. रविवारला पाच तारखा आणि बाकी सगळ्या वारांना चार-चार. म्हणजे महिना २९ दिवसांचा आणि रविवारी सुरू झालेला. लीप वर्षातला फेब्रुवारी, एक तारखेला रविवार. हे २८ वर्षांनी एकदा येतं: १९४८, १९७६, २००४. पहिल्या वेळी कालनिर्णय नव्हतं, तिसऱ्या वेळी आत्या २८ वर्षांची होती. उरला फेब्रुवारी १९७६, आत्याचा सहावा महिना.

बाबा काही न बोलता आत गेले. आजी म्हणाली, "मी सांगतच होते. पण कॅलेंडरनं सांगितलं की ऐकता तुम्ही."

हे वाक्य मला लागलं, आणि म्हणूनच इथे लिहितोय. तिला मुळात पुरावा लागत नव्हता. ते बाळ तिच्या मांडीवर होतं.

पुढची अडचण मात्र एक्सेलमध्ये बसणारी नव्हती. काकांचं पहिलं लग्न १९९० सालचं, घटस्फोट १९९८ ला. सिॲटलची ताई त्या लग्नातली. १९९० ते ९८ या काळात घरातले बहुतेक सणवार, मुंजी, सहली, सगळीकडे त्या काकू आहेत. मध्यभागी, हसत, कधी मला कडेवर घेऊन. आता त्यांचे फोटो घ्यायचे का? आत्याचं मत, नकोच, उगाच कशाला. एका चुलतभावानं आपण होऊन दोन फोटो पाठवले, ज्यातून त्यानं फोनवर त्यांना बोटानं पुसून काढलं होतं. मागची भिंतसुद्धा बेमालूम भरून आली होती. दहा सेकंदांचं काम. पूर्वी निदान कात्री लागायची आणि कापलेलं दिसायचं तरी.

मी आजीला दोन्ही दाखवले, आधीचा आणि नंतरचा. तिनं बराच वेळ बघितलं.

"कापायचं नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी ती घरात होती ना? पुरणपोळ्या तिनंच केल्या होत्या. आणि पोरीची आई आहे ती."

आताच्या काकूंना हे कसं सांगायचं याचं मला टेन्शन होतं. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "अरे, मी २००१ ला आले. त्याआधीचं पुस्तक मी कसं बदलणार?" त्या बावीस फोटोंपैकी सहा पुस्तकात आहेत. खाली त्यांचं नाव आहे, फक्त नाव, बाकी काही नाही. ताईनं प्रूफ बघितल्यावर त्या पानावर काहीच कॉमेंट टाकली नाही, बाकी सगळ्या पानांवर टाकल्या. चार दिवसांनी रात्री तिचा एक मेसेज आला, "पान ३८ पाहिलं. थँक्स आजीला."

आता इंदूर.

आमच्याकडे आजीच्या माहेरचा एकही जुना फोटो नव्हता आणि त्याचं कारण आमच्या घरात प्रत्येकाला पाठ आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्या पाण्यानं खालचं खडकवासल्याचं धरणही फुटलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. आजीचं माहेर शनिवार पेठेत, नदीच्या अंगाला. माणसं सगळी वाचली. पाणी उतरल्यावर परत आले तेव्हा ट्रंकेत चिखल होता. फोटोवरचा थर जिलेटिनचा असतो. तो पाण्यात फुगतो आणि वाळताना शेजारच्या फोटोला चिकटतो. आजी सांगते की सगळ्या फोटोंची मिळून एक वीट झाली होती. तिच्या वडिलांनी ती वीट दोन दिवस उन्हात ठेवली, सुटेल या आशेनं. सुटली नाही. तिची आई त्याआधी दोन वर्षं, १९५९ मध्ये गेली होती. आजी तेव्हा चौदाची. म्हणजे आईचा चेहरा तिनं शेवटचा बघितला तो फोटो धरूनसुद्धा १९६१ सालापूर्वी.

पुस्तकाचं पहिलं पान म्हणूनच रिकामं होतं. मग बोलता बोलता आजी म्हणाली की तिची एक मावशी इंदूरला दिली होती. मावशी आता नाही, पण घर आहे. चार फोन, दोन चुकीचे नंबर, आणि एक रविवार सकाळ खर्चून मी मावशीच्या नातवापर्यंत पोचलो. पन्नाशीचे, बँकेत आहेत, बोलणं मराठीच पण मधूनच "भिया" येतं. त्यांनी विचारलं, "जुना फोटो? एक आहे भिया, देवघरात." त्यांनी तो ट्यूबलाइटखाली काढून पाठवला, त्यात फोटोपेक्षा ट्यूबलाइट जास्त होती. मी त्यांना सांगितलं, काचेतून बाहेर काढा, दिवसा खिडकीशी ठेवा, आणि साधा पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणजे फाइल आकसणार नाही. त्यांनी त्याहून पुढे जाऊन दुकानातून स्कॅन करून आणला. माणूस म्हणून इंदूरकर ग्रेट असतात.

पुण्यातल्याच स्टुडिओत काढलेला. मागे शाईनं "ताई व मुले, पुणे, १९५६". दोन बायका खुर्चीत, दोघी नऊवारीत, दोघींच्या डोक्यावर पदर. भोवती पाच मुलं. त्यातली एक आजी असणार, अकरा वर्षांची. दोन बहिणींपैकी एक तिची आई. कुठली? दादांना विचारलं तर म्हणाले, "आमची आजी डावीकडची वाटते. नाही तर उजवीकडची." शिवाय दोघींचे चेहरे जरा पुसटच.

हल्ली चेहरे उजळून देणारी सॉफ्टवेअर मिळतात, तुम्ही वापरली असतील. मी एकात तो फोटो घातला. वीस सेकंदांत दोघींना टपोरे डोळे आले, पापण्या आल्या, दातसुद्धा आले, आणि दोघी कुठल्याशा सीरियलमधल्या जावा दिसायला लागल्या. कारण असं की हे सॉफ्टवेअर हरवलेलं शोधून देत नाही. हजारो दुसऱ्या चेहऱ्यांवरून इथे काय असू शकेल याचा अंदाज करतं आणि तो अंदाज भरतं. आजीला तिच्या आईचा चेहरा हवा होता, सरासरी आईचा नको. ती फाइल डिलीट केली. मूळ स्कॅनवरची धूळ काढली, काळं थोडं अधिक काळं केलं आणि थांबलो.

ताईचं म्हणणं पडलं की हा एक तरी फोटो सरप्राइज ठेवू, कार्यक्रमातच दाखवू. मी नाही म्हटलं. चौसष्ट वर्षांनी दिसणारा चेहरा हॉलमध्ये साठ माणसांसमोर, मागे केटररची ताटं वाजत असताना दाखवायचा नसतो. तिला रडायचं असेल तर घरी रडू दे, आणि नसेल रडायचं तर तसंही घरीच असू दे.

शनिवारी नेहमीसारखा टीव्ही लावला. आजी आणि मी, आणि दारात बाबा. मी काहीच विचारलं नाही, फोटो फक्त समोर ठेवला.

मिनिटभरानं ती उठली, टीव्हीजवळ गेली आणि उजवीकडच्या बाईवर बोट ठेवलं. "ही आई." मग म्हणाली, "नथ तिची नाहीये. शेजारच्यांकडून आणली होती फोटोपुरती. परत द्यायला मीच गेले होते, रुमालात बांधून." आणखी थोड्या वेळानं म्हणाली, "मला वाटायचं, आई उंच होती."

खुर्चीत बसलेल्या त्या बाईचे पाय जमिनीला जेमतेम टेकत होते.

मग ती परत येऊन बसली आणि म्हणाली, "आज चहा नाही का करणार कुणी?" बाबा करायला गेले. त्या दिवशी आम्ही दुसरा फोटो बघितला नाही.

पुढचं काम तसं सरळ होतं. १,१४० मधले ९६ निवडले, ६४ पानं. आकार आठ बाय दहा. स्टुडिओवाल्यानं आधी बारा बाय छत्तीसचा करिझ्मा सुचवला होता, फुल पॅडिंगसहित. मी त्याचं वजन करून बघितलं. आजीनं तो मांडीवर घेतला असता तर उठवायला दोघं लागले असते. मजकूर १८ पॉइंटमध्ये, म्हणजे चष्म्याशिवाय नाही पण भिंगाशिवाय वाचता येईल असा. पहिल्या प्रूफमध्ये सगळी जोडाक्षरं फुटून आली, "उष्टावण"चे तीन तुकडे आणि प्रत्येक वेलांटी भलत्याच अक्षराला. छपाईवाल्याच्या जुन्या सॉफ्टवेअरला आपलं युनिकोड झेपत नव्हतं. मग मी मजकूर पाठवणंच बंद केलं आणि फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ पाठवली. मराठीत काही छापणार असाल तर पीडीएफच द्या आणि प्रूफ कागदावर बघा, स्क्रीनवर नाही.

शेवटची चार पानं मात्र कोरी ठेवली. वर फक्त "भर आणि दुरुस्त्या", आणि पुस्तकाला दोऱ्यानं एक पेन्सिल बांधली. कार्यक्रमाच्या दिवशी पुस्तक आजीच्या हातात जेमतेम दहा मिनिटं राहिलं. तिच्या वयाची आणि त्याखालची जेवढी मंडळी आली होती ती सगळी त्यावर तुटून पडली. "हा लोणावळा नव्हे, खंडाळा." "ही माझ्या नणंदेची जाऊ." दुपारपर्यंत एकतीस नोंदी झाल्या होत्या, आणि त्यांतल्या दोन एकमेकींच्या विरुद्ध आहेत. त्यावर अजून फोन चालू आहेत. आजीनं सगळ्यांना नथीची गोष्ट तीनदा सांगितली. तिसऱ्यांदा शेजारणीचं नावही आठवलं. तेही पेन्सिलनं लिहिलंय.

मंगळवारचं नाव मात्र कुणालाच आलं नाही. ते आता येणार नाही बहुतेक.

बॅकअपचा आमच्याकडे एक साधा नियम असतो, तीन-दोन-एक. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावात. हा नियम मी नोकरीला लागल्यावर शिकलो. आजीच्या आईनं १९५६ साली फोटोची एक प्रत बहिणीला पोस्टानं पाठवली, तेव्हा तिच्या मनात असलं काही नव्हतं. बहिणीची आठवण येत असेल, एवढंच. पण पाच वर्षांनी पाणी आलं तेव्हा आमच्या घराण्याचा एकमेव ऑफसाइट बॅकअप इंदूरच्या एका देवघरात सुखरूप होता. म्हणून पुस्तकाची एक प्रत इंदूरला गेलीय, एक सिॲटलला, आणि सगळे स्कॅन आणि आजीची नऊ तासांची रेकॉर्डिंग क्लाउडवर आणि दोन हार्ड डिस्कवर.

असो. तुमच्याही घरात माळ्यावर एखादा बुटांचा खोका असेलच. पुस्तक वगैरे नंतर बघू, त्याला वेळ लागतो, पैसे लागतात. या शनिवारी त्यातले फक्त दहा फोटो काढा, घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाशेजारी बसा आणि मऊ पेन्सिलनं मागे नावं लिहा. बॉलपेन नको, त्याचे वळ पुढच्या बाजूला उठतात. आणि डावीकडून सुरुवात करा.